कर्मचाऱ्यांना शाळेत शिकवायला पाठवायचंय: तास, खर्च आणि वेळापत्रक कसं बसवावं?

हिंजवडी_एचआर
पुण्यातली कंपनी, साधारण ४०० कर्मचारी. महापालिकेच्या शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांचं वाचन-गणित घेणाऱ्या एका संस्थेशी बोलणं झालंय. प्रत्येकाला वर्षाला १६ तास भरपगारी द्यायचे ठरलेत. या तासांचा पगार सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी कायद्याने खर्चायच्या नफ्याच्या २ टक्क्यांत धरता येतो का? आणि तास वर्षभर वाटावेत, की वरिष्ठ म्हणतात तसं सगळ्यांना एकदाच नेऊन शाळेच्या भिंती रंगवाव्यात?

ताळेबंद
पगार धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या १८ जून २०१४ च्या परिपत्रकात स्वयंसेवक कर्मचाऱ्यांचा पगार, दिलेल्या वेळेच्या प्रमाणात, सीएसआर खर्चात धरायची मुभा होती. म्हणून जुन्या पॉलिसींत ते कलम अजून सापडतं. २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने ती वाट बंद केली: कर्मचाऱ्यांनी भाग जरूर घ्यावा, पण त्यांच्या वेळेची किंमत काढून खर्चात दाखवू नये.

संस्थेमार्फत मुलांसाठी घेतलेली पुस्तकं, साहित्य, प्रशिक्षकाचं मानधन हा प्रकल्पखर्च, तो सीएसआरमध्ये धरता येतो. त्यासाठी संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरची कामं घेणाऱ्या संस्थेला मिळतो तो) आधी मागून घ्या. बस, टी-शर्ट, कर्मचाऱ्यांचं जेवण एचआरच्या बजेटमधून करा.

आणखी एक, टाइमशीटमध्ये या कामासाठी वेगळा कोड उघडा. कोड नसला की माणूस शाळेत जातो आणि तेवढं काम रात्री बसून भरून काढतो. दोन महिन्यांत यायचा बंद होतो.

खडूफळा
भिंती रंगवणं रंगाऱ्याचं काम आहे, ते त्याला द्या. दीडशे माणसं एका दिवशी शाळेत आली की त्या दिवशीचा अभ्यास बुडतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही.

१६ तासांचं गणित असं बसवा: २ तास प्रशिक्षण, १ तास चाचणी, १२ आठवडे दर आठवड्याला १ तास, शेवटी १ तास पुन्हा चाचणी. पहिली फेरी जुलै ते सप्टेंबर, सहामाहीच्या आत संपेल अशी. दुसरी, उरलेल्या कर्मचाऱ्यांची, डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये तुमचं वर्षअखेर आणि शाळेच्या परीक्षा एकत्र येतात, तेव्हा काही ठरवूच नका.

गट इयत्तेवरून पाडू नका. प्रत्येक मुलाला एकेकट्याने वाचायला द्या: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथे अडेल तो त्याचा गट. पाचवीतलं मूल शब्दांच्या गटात बसलं तर त्यात कमीपणा नाही, हे त्याच्या बाईंना आधी समजावून ठेवा, म्हणजे वर्गात कुणी चिडवणार नाही. ५-६ मुलांमागे दोन स्वयंसेवक हवेत. एकाची मीटिंग निघाली तरी गट रिकामा राहत नाही आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत मुलांबरोबर राहत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पोलीस पडताळणी आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी जूनमध्येच मार्गी लावा. फोटो पालकांच्या संमतीशिवाय नकोत.

हिंजवडी_एचआर
आमच्याकडे निम्म्या लोकांना मराठी वाचता येत नाही. त्यांचं काय करावं?

खडूफळा
त्यांना गणित द्या. मात्र रीत शिकवून पाठवा, कारण मोठी माणसं थेट 'हातचा' सांगून मोकळी होतात.

५२ − २७ लिहून द्या. बरीच मुलं ३५ लिहितात. ती दुर्लक्ष करत नसतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात. खूण करून उत्तर चूक म्हणू नका. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. 'यातून सत्तावीस मला दे' म्हणा आणि गप्प बसा. मूल दोन गठ्ठे देतं, मग सुट्या सात शोधताना अडतं, आणि थोड्या वेळाने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. ते काढल्यावरच पाटीवर दशक सुटा करून लिहायला दाखवा. आधी दाखवलंत तर ती फक्त पाठ केलेली खूण राहते.

एका मुलामागे ६० काड्या आणि ६ रबर पुरतात. रबर तुटतात, जास्तीचे न्या.