ब्रिजेट रायली यांचे ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’: सपाट पृष्ठभागावर खोली कशी भासते?

प्रश्न: ब्रिटिश चित्रकर्ती ब्रिजेट रायली यांच्या १९६१ मधील या चित्रात केवळ काळे-पांढरे चौकोन असूनही मध्याच्या उजवीकडे पृष्ठभाग आत दुमडल्यासारखा का भासतो, आणि त्या या शैलीकडे कशा वळल्या?

प्रतिसाद १: चौकोनांची उंची सर्वत्र सारखीच आहे, रुंदी मात्र टप्प्याटप्प्याने घटत जाते आणि घडीपलीकडे पुन्हा वाढते. लांबची वस्तू लहान दिसते, ही सवय अंगवळणी पडलेली आपली दृष्टी त्या आक्रसण्यालाच खोली समजते. करड्या रंगाची एकही छटा न वापरता हे साधले आहे, हे मला विलक्षण वाटते.

प्रतिसाद २: १९३१ मध्ये लंडनला जन्मलेल्या रायली यांचे युद्धकाळातील बालपण कॉर्नवॉलच्या किनारी गेले. पुढे १९५९ मध्ये त्यांनी फ्रेंच चित्रकार स्यूरा यांच्या, रंगांच्या ठिपक्यांनी साकारलेल्या, पॅरिसजवळील कुर्बव्हा येथील पुलाच्या चित्राची प्रतिकृती केली, आणि ठिपक्यांच्या त्या अभ्यासातून, डोळा चित्र कसे घडवतो, हाच त्यांचा विषय झाला. १९६८ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना चित्रकलेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. हे संगणकाच्या साहाय्याने आखले होते का?

प्रतिसाद १: नाही. हार्डबोर्डवर टेम्पेरा रंगांत (अंड्याच्या बलकासारख्या माध्यमात कालवलेल्या रंगांत) ते हातानेच रंगवलेले आहे.