‘मार्जिन ऑफ अप्रीसिएशन’ मराठीत कसे लिहावे?

तळटीप: स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालांचे मराठी सारांश करताना ‘मार्जिन ऑफ अप्रीसिएशन’, म्हणजे हक्कांबाबत निर्णय घेताना देशांना न्यायालय देते ती मोकळीक, पानोपानी आडवे येते. शब्दशः केले तर ‘कौतुकाचा समास’ होतो, तो सोडून द्या. ‘विवेकाधिकार’, ‘सार्वभौम अधिकार’ की ‘सूट’?

कलमवाला: मूळ फ्रेंच ‘मार्ज दाप्रेसियासिओं’ पाहा. तिथल्या प्रशासकीय कायद्यातल्या या शब्दाचा अर्थ परिस्थिती तोलणे, अजमावणे. इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला, म्हणून घोळ.

आता वापर. १९७६ चा हॅण्डीसाइड विरुद्ध युनायटेड किंग्डम खटला घ्या. शाळकरी मुलांसाठीचे एक मूळ डॅनिश पुस्तक ब्रिटनमध्ये अश्लील ठरवून जप्त झाले. नीतिमत्तेची एकच युरोपभर चालणारी व्याख्या नाही आणि स्थानिक परिस्थिती तिथल्या यंत्रणांना जास्त जवळून कळते, असे म्हणत न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी ब्रिटनच्या बाजूने कौल दिला. मात्र त्याच निकालात ही मोकळीक युरोपीय देखरेखीच्या जोडीनेच चालते, असेही स्पष्ट केले. त्यामुळे ‘सार्वभौम अधिकार’ बाद. सार्वभौम अधिकारावर शेवटचा शब्द देशाचा असतो. इथे तो न्यायालयाचा आहे. हे न्यायालय ज्यावर चालते त्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ४६ नुसार देश ज्या खटल्यात पक्षकार असतो, त्याचा अंतिम निकाल त्याला बंधनकारक असतो.

‘विवेकाधिकार’ अगदीच चूक नाही, पण मराठीत त्याला साहेबाच्या मर्जीचा वास येतो. माझे मत ‘तारतम्याची मुभा’.

वेलांटी: ‘तारतम्य’ पटले, ‘मुभा’ नाही. निकालांत हा शब्दप्रयोग तीन प्रकारे येतो: मार्जिन रुंद असते, अरुंद असते आणि देश ती ओलांडतो. मुभा मोठी-लहान म्हणता येईल, पण ओलांडणार कशी? ‘तारतम्याची कक्षा’ करा. ‘कक्षा रुंद आहे’, ‘कक्षा अरुंद आहे’, ‘देशाने कक्षा ओलांडली’ ही तिन्ही वाक्ये सरळ बसतात.

कलमवाला: मान्य. ‘कक्षा’च घ्या.

तळटीप: रुंद-अरुंद कशावरून ठरते? सारांशात एका ओळीत सांगायचे आहे.

वेलांटी: एका ओळीत नाही मावणार. मुख्य गोष्टी दोन: हक्क किती खासगी आणि मूलभूत आहे, आणि त्या प्रश्नावर सदस्य देशांत किती एकमत आहे. एकमत दाट झाले की कक्षा आकसते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. १९८१ च्या डजन खटल्यात विषय खासगी आयुष्याच्या गाभ्याचा म्हणून कक्षा अरुंद ठरली आणि युनायटेड किंग्डम हरले. याउलट फ्रान्सच्या चेहरा झाकण्यावरील बंदीला २०१४ मध्ये रुंद कक्षा मिळाली.

इटलीतल्या शाळांमधील क्रुसाच्या लाउत्सी खटल्यात तर एकाच प्रकरणात दोन टोके दिसतात. २००९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने इटलीविरुद्ध निकाल दिला. २०११ मध्ये सतरा जणांच्या महापीठाने १५ विरुद्ध २ मतांनी तो फिरवला. आणि ‘रुंद’ म्हणजे ‘अमर्याद’ नव्हे: २००५ च्या हर्स्ट खटल्यात कैद्यांच्या मताधिकाराबाबत कक्षा रुंद असल्याचे मान्य करूनही महापीठाने ब्रिटनची सरसकट बंदी कक्षेबाहेर ठरवली.

छळाला मनाई करणाऱ्या कलम ३ च्या निकालात मात्र हा शब्द भाषांतरात घुसवू नका. छळ कुठल्याच कारणाने चालत नाही, तिथे तोलायचे काही नसते.

उभादंड: ‘सूट’ हा शब्द राखून ठेवा, तो कलम १५ साठी लागेल. युद्ध किंवा राष्ट्राच्या अस्तित्वावरचे संकट असेल तर देश काही हक्कांपुरती तात्पुरती सूट जाहीर करतो आणि तसे युरोप परिषदेच्या सरचिटणीसांना कळवतो. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर फ्रान्सने हेच केले. करार स्वीकारतानाच एखाद्या तरतुदीबाबत घातलेली हरकत (‘रिझर्व्हेशन’) म्हणजे कलम ५७. तिला ‘आरक्षण’ लिहिले तर मराठी वाचक थेट नोकऱ्या आणि महाविद्यालयीन प्रवेशांकडे जाईल. ‘राखीव अट’ बरे. करारातून पूर्ण बाहेर पडणे म्हणजे कलम ५८, ‘माघार’: करारात येऊन पाच वर्षे झाल्यावर, सहा महिन्यांची पूर्वसूचना देऊन. लष्करी राजवटीतल्या ग्रीसने १९६९ मध्ये तशी सूचना दिली आणि राजवट पडल्यावर १९७४ मध्ये तो परतला. रशियाबाबत ‘माघार’ लिहू नका. मार्च २०२२ मध्ये त्याला युरोप परिषदेतून काढले गेले आणि १६ सप्टेंबर २०२२ पासून तो करारातही राहिला नाही.

तळटीप: युरोप परिषद की युरोपीय परिषद?

उभादंड: दोन्ही आहेत, आणि वेगळ्या आहेत. ‘युरोप परिषद’ म्हणजे १९४९ ची, आता ४६ सदस्यांची संस्था. मानवी हक्क न्यायालय तिचे. ‘युरोपीय परिषद’ म्हणजे २७ देशांच्या युरोपीय संघातील राष्ट्रप्रमुखांची किंवा सरकारप्रमुखांची बैठक. झेंडा दोघांचा एकच, त्यामुळे छायाचित्रावरून ओळखू नका. लक्झेंबर्गचे न्यायालय संघाचे. स्ट्रासबर्गच्या निकालाला ‘युरोपीय संघाचा आदेश’ म्हणणाऱ्या बातम्या इथेच घसरतात.

वेलांटी: एक राहिले. १ ऑगस्ट २०२१ ला लागू झालेल्या पंधराव्या पूरक करारनाम्याने ‘मार्जिन’ प्रथमच कराराच्या उद्देशिकेत आले, आणि तेही न्यायालयाच्या देखरेखीच्या अटीसह. त्या वाक्यातल्या ‘हाय कॉन्ट्रॅक्टिंग पार्टीज’ म्हणजे देशच, पण त्यांना ‘राज्य’ म्हणू नका, आपल्याकडे त्याने महाराष्ट्र किंवा गोवा डोळ्यांपुढे येतो. ‘करारातील देश’ लिहा. वाक्याचा गाभा असा बसेल: ‘करारातील हक्कांची हमी देण्याची पहिली जबाबदारी करारातील देशांची असून, ती पार पाडताना त्यांना तारतम्याची कक्षा असते, तिच्यावर न्यायालयाची देखरेख राहते.’