नर्मदेच्या फुगवट्यातील बेटावर एक दिवस : आपले अनुभव लिहा

सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव-अक्कलकुवा भागातील नर्मदाकाठच्या कित्येक टेकड्यांना पाण्याने चहूबाजूंनी वेढले. धडगाव तालुक्यातील नर्मदाकाठच्या भुषा या गावाहून बोटीने अशा एखाद्या टेकडीवर जाऊन त्याच दिवशी परतलेल्यांनी नियोजन कसे केले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

शहाद्याहून :
आम्ही दिवाळीनंतर गेलो, कारण पावसाळ्यात चांदसैली घाटात दरडींची धास्ती असते आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काठापर्यंत गाळ तुडवत जावे लागते. आधी परतीची बोट पक्की करावी आणि मग निघण्याची वेळ ठरवावी. ही बोट सहलीसाठी चालत नाही. ती काठावरच्या पाड्यांची एस. टी. आहे. बाजाराच्या दिवशी धान्याची पोती, तेलाचे डबे आणि दोन-चार शेळ्या चढल्यावर जी जागा उरेल, तीत आपण बसावे. टेकडीजवळ येताच नावाड्याने इंजिन बंद करून लांब बांबू पाण्यात टाकला आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे चाचपत बोट तसूतसूने काठाला लावली. हे पाहिल्यावर मुलांनी लाइफ जॅकेटबद्दलची कुरकुर थांबवली. जॅकेट पुरेसे आहेत की नाही, हे मात्र निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

भुसावळहून :
वडीलधाऱ्यांना घाट झेपणार नसेल, तर हिवाळ्यात हतनूर धरणाच्या जलाशयावर जावे. तेथे स्थलांतरित पक्षी पाहता येतात आणि तापी-पूर्णा संगमावरील चांगदेवाचे मंदिरही त्याच दिवसात होते.

जळगावहून :
टेकडीवर दुकान सोडाच, सावलीही बेताचीच होती. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा यांवर दिवस उत्तम निघाला. पाणी मात्र घरून भरपूर न्यावे. मोबाइलला रेंज मिळेल, असे गृहीत धरू नये. कोठे जाणार आणि कधी परतणार, हे घरी सांगून ठेवावे.

धडगावहून :
येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. या धरणाची झळ महाराष्ट्रातील ३३ गावांना बसली; अनेक कुटुंबे तळोदा-शहादा परिसरातील वसाहतींत गेली, तर काही वरच्या उतारावर टिकून राहिली. त्यामुळे आपल्याला निर्जन वाटणारी टेकडी पुष्कळदा कोणाचे तरी शेत असते, म्हणून उतरण्यापूर्वी नावाड्यामार्फत पाड्यावर विचारावे आणि माणसांचे फोटो परवानगीवाचून काढू नयेत. जेवणाची सोय होऊ शकते, परंतु आदल्या दिवशी निरोप द्यावा आणि पैसे आपण होऊन द्यावेत. नावाडी उजेड असेतो निघण्याची घाई करतो, कारण अंधारात तेच बुंधे दिसत नाहीत. सूर्यास्ताचे छायाचित्र राहिले म्हणून त्याला थांबवू नये.