नोकरी देणाऱ्यानं आपलं नाव नेटवर शोधलं तेव्हा... (अनुभव लिहा)

थर्डशिफ्ट
काल भाचीचा फोन. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पुढच्या महिन्यात कॅम्पस. "मामा, जुने फोटो काढून टाकू का? कंपनीवाले बघतात म्हणे." तिच्याशी बोलता बोलता मनात दडपलेली एक गोष्ट वर आली. आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही.

२०१२. सातपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. नवा जॉब आला होता, एका बोअरची (भोकाची) पोझिशन काही केल्या बसेना. आठ दिवस त्याच्यामागे होतो. थर्ड शिफ्टला रात्री तीनच्या सुमारास सीएमएमवर (पार्टची मापं तपासायचं मशीन) रिपोर्ट ओके आला. इतका आनंद झाला की मोबाइलवर फोटो काढून फेसबुकवर टाकला, "अखेर जमलं". मागे ड्रॉइंग टांगलेलं होतं, पार्ट नंबरसकट. ती गाडी बाजारात यायची होती अजून.

मी विसरूनही गेलो. दीड वर्षानं अंबडच्या एका कंपनीत मुलाखत झाली, पगार ठरला, तारीख ठरली, इथला राजीनामा दिला. रुजू व्हायच्या ४ दिवस आधी फोन आला: "तुमचा एक फोटो साहेबांनी पाहिला. आमच्याकडेही कस्टमरची ड्रॉइंग्ज असतात." संपलं. भांडणार कुणाशी, चूक माझीच होती.

सात महिने घरी होतो. अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. कामावरून सुटताना रोज झडती देऊन ज्यानं अख्खी नोकरी काढली, त्या माणसाला हे कारण सांगायची हिंमत झाली नाही. "मंदी आहे" म्हणालो.

तुमचं काय झालं? वाईटच हवं असं नाही. नेटवरच्या नावामुळे काम मिळालं असेल तर तेही लिहा. भाचीला वाचायला देणार आहे.

गोदाकाठची
दादा वाचून कसंतरी झालं. कुकर लावलाय, नंतर लिहिते

निफाडकर
माझा अनुभव चांगला आहे म्हणून आधी लिहितो. बीएस्सी ॲग्री करून घरची द्राक्षं बघत होतो. २०१८ पासून फेसबुकवर दर आठवड्याला बागेचं लिहायला लागलो. खरड छाटणी कधी घेतली, गोडी बहाराच्या छाटणीनंतर पाऊस आला तर डाउनी रोगाला काय फवारलं, किती खर्च आला, कुठे फसलो. सगळं मराठीत, फोटोसकट. कुणी वाचतं की नाही माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका ठिबकवाल्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला, "तुमच्या डाउनीच्या पोस्ट आमची फील्डची पोरं वाचतात, भेटायला या." बायोडेटा मागितलाच नाही. तिथे आता सल्लागार आहे, बाग चालू ठेवून.
फसलेलं लिहिलं म्हणून विश्वास बसला असं ते नंतर म्हणाले.

सिडको_बॉय
निफाडकर भो यंदा माल कसाय? पाऊस लई झाला ना तुमच्याकडं

निफाडकर
घड जिरलेत बऱ्याच ठिकाणी. बोलू निवांत.

चांदवडची_लेक
मला नावाबद्दल लिहायचंय. पुरुषांच्या ध्यानात येत नाही हे. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, लग्नाआधी दोन पेपर छापलेले, एका परिषदेत पोस्टरला बक्षीस. सगळं माहेरच्या नावावर. लग्नानंतर आधार, पॅन, बँक, फेसबुक सगळीकडे नवीन नाव, मधलं नावही बदललं. ५ वर्षांच्या गॅपनंतर अर्ज करायला लागले. मुलाखतीत बाई म्हणाल्या, "तुम्ही पेपर लिहिलेत म्हणता, तुमच्या नावावर तर काहीच दिसत नाही." माझंच काम, आणि मीच परकी. पर्समध्ये लग्नाचं सर्टिफिकेट होतं ते काढून दाखवलं. रिक्षात रडले.

नंतर नवऱ्याच्या मैत्रिणीनं दाखवलं की लिंक्डइनवर पूर्वीचं नाव लिहायला वेगळी जागा असते. ते भरलं, पेपरच्या लिंक लावल्या, बायोडेटावर पहिल्या ओळीत दोन्ही नावं टाकली. पुढच्या मुलाखतीत तो प्रश्नच आला नाही. मुलींनो, लग्नाच्या गडबडीत हे एवढं करून ठेवा. मी माझ्या धाकट्या बहिणीला नाव बदलूच नको म्हणून सांगितलंय, घरात त्यावरून वाद चालू आहे.

पंचवटी_पासधारक
ताई तुमच्या उलट आमचं. धाकट्या भावाच्या नाव-आडनावाचे नाशकात ढिगानं. गुगलवर पहिली बातमी एका चोरीतल्या आरोपीची, वयही तेवढंच. मुंबईला मुलाखतीला गेला तर समोरच्यानं लॅपटॉप फिरवून विचारलं हे तुम्ही का. तेव्हापासून सगळीकडे वडिलांचं नाव मध्ये घालून पूर्ण लिहितो, फोटो एकच ठेवतो. शोधलं की आता तोच वर येतो. आजोबा म्हणायचे नाव पूर्ण सांगावं, ते असं कामी आलं.
कसाऱ्याच्या घाटात रेंज नाही, गेलं तर गेलं

गोदाकाठची
आले. माझ्या नवऱ्याचं सांगते, तो लिहिणार नाही. फोटो काढायचा नुसता छंद होता. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं होतं तो. हा भिजत व्हिक्टोरिया पुलाजवळ उभा. इन्स्टावर ११ फोटो टाकले, प्रत्येकाखाली जागा, वेळ, आणि पाणी कुठल्या पायरीला आहे ते लिहिलं. प्रोफाइलमध्ये ईमेल होता. त्यावर एका आर्किटेक्टची मेल आली, घाटाजवळच्या जुन्या वाड्यांचे फोटो हवेत म्हणून. आता वाडे, मंदिरं हेच काम करतो. ईमेल लिहिलेला नसता तर कुणी शोधत बसलं नसतं, हे मी त्याला अजून ऐकवते, कारण तो मी लिहायला लावला होता.

सिडको_बॉय
२०१९ ला मारुतीच्या कुठपर्यंत होतं? छातीपर्यंत ना?

गोदाकाठची
आमच्याकडे फोटो आहेत वेळेसकट, शोधून टाकते. आमच्या सासूबाई अजून नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवरून पूर मोजतात

जुनी_ऑर्कुटकर
ऑर्कुटवर टेस्टिमोनियल लिहायचो आठवतंय का? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी काय सुंदर लिहिलं होतं माझ्याबद्दल, उतरवून ठेवलं नाही. आता हाताखालची पोरं दुसरीकडे जातात तेव्हा प्रत्येकासाठी लिंक्डइनवर चार ओळी लिहिते. नुसतं मेहनती, प्रामाणिक नाही लिहीत. कुठल्या दिवशी काय निस्तरलं ते लिहिते.

भरतीवाली
अंबड-सिन्नर पट्ट्यात ९ वर्षं भरती करते म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगते. तुम्ही गोव्यात काय केलं ते बघायला आम्हाला वेळ नसतो. बघते ते हे: बायोडेटातल्या आणि प्रोफाइलवरच्या तारखा जुळतात का, फोन लागतो का, कामाचं नाव फुगवलंय का. चांगल्या चांगल्या ऑपरेटरचा नंबर बदललेला असतो आणि नोकरी डॉट कॉमवर जुनाच. मी फोन करते, लागत नाही, पुढच्याला करते. त्याला कळतही नाही की संधी आली होती. शोधताना आम्ही अलीकडे कोण सक्रिय होतं हा फिल्टर लावतो, तेव्हा महिन्याला एकदा उघडून एखादी ओळ तरी नीट करा.
आणि थर्डशिफ्टदादा, तुमच्या जागी मी असते तर बोलावून विचारलं असतं. पोरगा रात्री तीनला रिपोर्ट ओके आल्यावर खूश होतो, हेही त्या फोटोत दिसतंच ना.

देवळाली_कॅम्प
@भरतीवाली आहे त्या कंपनीला न कळता नोकरी शोधायची तर लिंक्डइनवर फोटोभोवती 'काम शोधतोय'चं ते हिरवं वर्तुळ लावावं का?

भरतीवाली
हिरवं वर्तुळ सगळ्यांना दिसतं. सेटिंगमध्ये फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय आहे. तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतात पण हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही. जपून.

मखमलाबादकर
हिरव्या वर्तुळावरून, माझ्या चुलतभावाला ते लावल्यावर दोन दिवसांत विमानतळावर नोकरी म्हणून मेसेज. रजिस्ट्रेशनचे २,५०० भरले, मग युनिफॉर्मचे ४,०००. मग फोन बंद. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन करायचा असतो हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर पैसे पुढे गेले होते. नोकरीसाठी जो पैसे मागतो तो नोकरी देणारा नसतो, भाचीला हे आधी सांगा दादा.

जुनी_ऑर्कुटकर
अरेरे. बरा आहे ना तो आता?

मखमलाबादकर
हो आता शिंदे गावाकडं वेअरहाउसला लागलाय. कुणाशी बोलत नव्हता महिनाभर.

थर्डशिफ्ट
सगळ्यांचं दोनदा वाचलं. भाचीला पाठवलं. तिला म्हटलं, फेसबुकला जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करायची सोय आहे, ती वापर, पण रोबोटिक्सच्या टीमचे फोटो ठेव आणि खाली तू त्यात नेमकं काय केलंस ते लिही. वेल्डिंग तिनं केलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

भरतीवाली ताई, तुमचं वाक्य अण्णांना वाचून दाखवलं. त्यामुळे बाकीचंही सांगावं लागलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ड्रॉइंग दिसायला नको होतं." थोड्या वेळानं विचारलं, "पण तो बोअर बसला होता ना?" म्हटलं, बसला होता.

गोदाकाठची
अण्णांना नमस्कार सांगा दादा.
पुराचा फोटो सापडला, उद्या टाकते. लाइट गेलेत

निफाडकर
भाचीचं कॅम्पस झालं की कळवा. पेटी घेऊन येतो, जेवढी वाचलीत त्यातली.