घाटात क्लच स्लिप मारतोय, नुसती प्लेट बदलू का?

पसरणीकर:
राहायला वाईत, नोकरी पाचगणीला, त्यामुळे रोज पसरणी घाट. गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2015 ची, 71,000 किमी झालेत. महिनाभरापासून चढाला तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो, गाडी काही ओढत नाही. रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती, तासभर सरपटत चढलो आणि जळका वास सुटला. मुलगी शेजारी होती, घाबरली. गॅरेजवाले म्हणतात नवी क्लच प्लेट टाकू. पण ती 48,000 लाच बदलली होती. 23,000 किलोमीटरमध्ये दुसरी?

सुमेधा:
दादा, रांगेत गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, धरून ठेवता का? मीही तसंच करायचे. आता थांबले की हँडब्रेक ओढते, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवरून खाली. निघताना क्लच हळू सोडत गाडी ओढ घ्यायला लागली की मग हँडब्रेक सोडते.

फिटरमामा:
ताईंचं बरोबर आहे. त्या तासाभरात प्लेट नक्की तापली. पण रेस तर महिनाभर वाढतेय, म्हणजे कारण जुनं आहे. 28 वर्षं गिअरबॉक्स उतरवतोय, कारण न शोधता टाकलेली प्लेट परत आलेली बघितली की जीव तुटतो. गिऱ्हाईकाचे पैसे दोनदा जातात.

आधी खात्री करा. सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, पायब्रेक दाबा, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, दर वेळी प्लेट तापते.

मग पेडल हाताने दाबा. केबलचा क्लच असेल तर सुरुवातीला थोडा ढिला प्ले हवा. तो संपला असेल तर क्लच सोडवणारं बेअरिंग कायम दाबलेलं राहतं, प्लेट पूर्ण धरतच नाही. कधीकधी केबल सेट केली की काम भागतं.

आता गाडीखाली वाका. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑइलचा ओघळ दिसला तर बहुतेक क्रँकचं मागचं सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग, गेलंय. ते ऑइल प्लेटवर येतं. सील तसंच ठेवून दहा प्लेटा टाका, दहाही जातील.

उतरवलेली जुनी प्लेट मागून घ्या, तुमचा हक्क आहे. आरशासारखी चकाकत असेल आणि फ्लायव्हीलवर (इंजिनची जड चकती, जिला प्लेट चिकटते) निळे डाग असतील तर उष्णता. रिव्हेट घासले असतील तर झीज. काळी, ओलसर असेल तर ऑइल. मागच्या वेळी प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) जुनीच ठेवली होती का, तेही विचारा.

रिव्हर्स टाकताना खरखर होते का? तसं असेल तर क्लच नीट सुटत नाहीये, तो आजार वेगळा.

पसरणीकर:
खरखर नाही. मामा, काल गिअरबॉक्स उतरवला. प्लेट काळी, ओली, बोटाला ऑइल लागलं. प्रेशर प्लेटही जुनीच निघाली. सील, दोन्ही प्लेटांचा पूर्ण सेट आणि बेअरिंग बदलायला सांगितलंय. सील बदललेलं स्वतः उभं राहून बघणार. सोमवारपासून घाट चालेल ना?

फिटरमामा:
चालेल. फ्लायव्हीलवरचं ऑइल नीट पुसून मगच सेट बसवा म्हणावं. पहिले चार-पाचशे किलोमीटर जादा वजन नको, जोरात उचलू नका. हजार किलोमीटर झाले की परत वाकून तो सांधा बघा, कोरडा असला पाहिजे.