लाँचवरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या काढून लिथियम बसवायची आहे: सेल्फ, डायनामो, फ्यूज यांचं काय करायचं?

शिवसागर_लाँच
नमस्कार मंडळी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बामणोली, मेट इंदवली, तापोळा अशा फेऱ्या करणारी डिझेल लाँच आहे. सध्या १२ व्होल्टच्या दोन १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. सेल्फ, लाइट, स्पीकर, मोबाइल चार्जिंग, तळातलं पाणी उपसायचा पंप आणि ८०० वॅटचा इन्व्हर्टर, सगळं त्यांच्यावरच. डायनामो ५५ अँपिअरचा. छतावर १८० वॅटचं एक पॅनेल, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलचं चार्जिंग सांभाळणारा). सेल्फ सोडून दिवसाचा वापर साधारण ६० एएच भरतो.

दुकानात सांगतात, जुन्या काढा, त्याच वायरींना लिथियम लावा, काम झालं. माणसं बसतात बोटीत, म्हणून आधी इथे विचारतोय. स्कूटरचा जुना लिथियम पॅक स्वस्तात मिळतोय, तो चालेल का? काम पावसाळ्यात, बोट काठाला असताना करायचं आहे.

मरीन_वायरिंग_कराड
त्याच वायरींना लावू नका. बोटीत हे काम करताना एकच गोष्ट धरून चालायचं: बीएमएस (लिथियमच्या आतलं संरक्षण सर्किट) बॅटरी वाचवण्यासाठी कधीही, न सांगता सप्लाय तोडू शकते. त्या क्षणी इंजिन, डायनामो आणि पंप यांचं काय होईल, त्याचं उत्तर आधी ठरवा, मग पाना हातात घ्या.

सेल्फ लिथियमवर ठेवू नका. डिझेल इंजिनचा सेल्फ क्षणभर कित्येकशे अँपिअर ओढतो, १०० अँपिअरची बीएमएस तिथेच ट्रिप होईल. त्यासाठी एक वेगळी लेड-ॲसिड स्टार्टर बॅटरी ठेवा, ८० ते १०० एएच पुरे. डायनामो फक्त तिलाच जोडा.

डायनामोचं कारण नीट समजून घ्या. लेड-ॲसिड भरत आली की करंट आपोआप कमी घेते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. लाँच हळू चालताना डायनामोचा पंखा हळू, करंट मात्र पूर्ण, वाइंडिंग जळतं. त्यातून चार्जिंग चालू असताना बीएमएसने तोडलं, तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात. मध्ये स्टार्टर बॅटरी असली की तो धक्का ती पचवते.

स्टार्टर बॅटरी आणि लिथियम यांच्यामध्ये डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीतून दुसरी ठरावीक करंटने भरणारा) बसवा. तुमच्या डायनामोला ३० नव्हे, २० अँपिअरचा. हिशोब असा: १४.२ व्होल्टला २० अँपिअर म्हणजे २८४ वॅट, चार्जरमधली घट धरून आत ३२३ वॅट, म्हणजे १३.५ व्होल्टला २४ अँपिअर. ३० चा घेतला तर ३६ अँपिअर सतत, ५५ च्या डायनामोवर तो ताण जास्त आहे. तीन मीटर जाणारी आणि तीन मीटर येणारी वायर धरली तर १० चौ.मिमी टिनच्या मुलाम्याची तांब्याची वायर, घट पाव व्होल्टच्या आसपास. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, त्यामुळे दोन्ही टोकांना ४० अँपिअरचा फ्यूज. एकाच टोकाचा फ्यूज ही नेहमीची चूक.

लिथियमच्या पॉझिटिव्हवर १२५ अँपिअरचा क्लास टी फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. एएनएल फ्यूज साधारण ६,००० अँपिअरपर्यंतच तोडू शकतो, त्यापुढे आतल्या आत ठिणगी धरून राहू शकतो. क्लास टी २०,००० पर्यंत तोडतो. फ्यूजच्या पुढे मेन स्विच, मग बसबार (सगळ्या वायरी जोडायची धातूची पट्टी). इन्व्हर्टरला ३५ चौ.मिमी केबल, तिच्या टोकाचा लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. हातोडीने ठोकलेला लग गरम होतो.

स्कूटरचा पॅक नको, कितीही स्वस्त असो. बहुतेक पॅक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाचे असतात, ते एलएफपीपेक्षा (लिथियम आयर्न फॉस्फेट) कमी तापमानाला पेटतात, आणि सेलची मांडणी १२ व्होल्टला जुळत नाही. लाँचला तयार, बंद पेटीतली, बीएमएस असलेली एलएफपीच घ्या.

सौर_मिरज
कराडकरांशी सहमत. चार्जिंगचं माझ्याकडून.

पीडब्ल्यूएम काढा, लिथियम किंवा युजर सेटिंग असलेला २० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या. ॲब्सॉर्प्शन (भरत आल्यावर धरायचं व्होल्टेज) १४.२ व्होल्ट, अर्धा तास, फ्लोट (भरल्यानंतरचं) १३.५, इक्वलाइझ (लेड-ॲसिडला अधूनमधून दिलेलं जादा चार्जिंग) बंद, तापमान भरपाई शून्य. हा शेवटचा आकडा लोक विसरतात. लेड-ॲसिड मोड २५ अंशांखाली दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट वाढवतो. कोयनेच्या खोऱ्यात हिवाळ्यात सकाळी १० अंश असलं की ०.३६ व्होल्ट वर, म्हणजे १४.४ चं १४.७६ होतं आणि बीएमएस तोडते. मग पॅनेलचा करंट जाणार कुठे? कंट्रोलरच्या आउटपुटचं व्होल्टेज चढून लाइट आणि स्पीकर जाऊ शकतात. म्हणूनच काम करताना आधी पॅनेल तोडा, मग बॅटरी. जोडताना उलट.

व्होल्टमीटरवर भरवसा ठेवू नका. एलएफपी बराच काळ १३.२ च्या आसपासच दाखवते आणि शेवटी एकदम पडते. निगेटिव्हला शंट (करंट मोजायची पट्टी) आणि एएच मोजणारा मॉनिटर लावा. बॅटरीच्या निगेटिव्हला फक्त शंट. डीसी-डीसी, सोलर, इन्व्हर्टर सगळ्यांचे निगेटिव्ह शंटच्या पलीकडे. एक जरी थेट टर्मिनलला गेला तर टक्केवारी खोटी.

शिवसागर_लाँच
खूप मोलाचं सांगितलंत. दोन शंका: पाणी उपसायचा पंप कशावर ठेवू? आणि १०० एएच पुरेल का?

मरीन_वायरिंग_कराड
पंप आणि दिशादर्शक दिवे स्टार्टर बॅटरीवर, पंपाला वेगळा फ्यूज, फ्लोट स्विचची (पाणी चढलं की पंप चालू करणारा) वायर मेन स्विचच्या आधीच घ्या. लिथियम बंद पडली तरी पाणी बाहेर गेलंच पाहिजे. यात तडजोड नाही.

सौर_मिरज
६० एएचला १०० पुरते. ८० टक्के वापर धरला तरी २० हाताशी राहतात. पण ८०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला ७० अँपिअरच्या वर ओढतो, आणि ढगाळ दिवशी पॅनेल काही देत नाही. मी एकच १५० ची सुचवेन. दोन छोट्या घेतल्याच, तर समांतर जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, केबल सारख्या लांबीच्या ठेवा.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्याचे कॅपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि बीएमएस ट्रिप होते. ४७ ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून पाच सेकंद भरून घ्या, मग केबल लावा.

जलवाहतूक_सातारा
दोन गोष्टी राहिल्या. दोन्ही ट्युब्युलर काढल्या की शंभर किलोच्या वर वजन उतरतं आणि लाँच एका बाजूला कलू शकते. नवी बॅटरी त्याच जागी, पण तळापासून वर, पट्ट्यांनी घट्ट बांधा. ओल लागली की बीएमएस जाते. कलते का ते प्रवासी नसताना पाण्यात उतरवून पाहा, गरज पडली तर वाळूच्या गोण्या बांधून तोल साधा. प्रवासी बोट असल्याने वायरिंगचा आराखडा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या सर्वेयरला काम सुरू करण्याआधीच दाखवा.

पुढच्या पावसाळ्यापासून उभं करतानाची सवयही बदला. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवायची, लिथियम मात्र ५० ते ६० टक्क्यांवर, म्हणजे विसावल्यावर १३.१ ते १३.२ व्होल्ट. मेन स्विच बंद, पॅनेल तोडलेलं, टर्मिनलला पेट्रोलियम जेली. बीएमएस आणि मॉनिटर स्वतः थोडं थोडं खात राहतात, म्हणून दर महिन्याला एकदा व्होल्टेज तपासा.