सोलोसाठी लिक्स पाठ कराव्यात का?

स्वरवेडा : लीड गिटार शिकू लागलेल्याला पेंटॅटॉनिक (पाच स्वरांच्या) स्केलच्या पाचही आकृत्या, म्हणजे गिटारवर बोटे ठेवायच्या जागांचे नकाशे, आधी घोटायला लावतात आणि वर्षभराने त्याला सोलो वाजवायला सांगितला, की तो तीच आकृती वरखाली वाजवून मोकळा होतो. माझ्या मते आकृती एकच घ्यावी आणि तिच्यात बसणाऱ्या आठ-दहा छोट्या लिक्स, म्हणजे तयार स्वरवाक्ये, तोंडपाठ कराव्यात. ए मायनर पेंटॅटॉनिकचेच पाहा (ए, डी, ई ही स्वरांची पाश्चात्त्य नावे). तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट (गिटारच्या मानेवरचा पट्टीने आखलेला घर) दाबून डी वाजवायचा आणि तार ओढून तो पूर्ण एका स्वराने चढवत ई पर्यंत न्यायचा, मग दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट आणि शेवटी पहिल्या तारेचा पाचवा. दुसऱ्या तारेवरचा स्वरही ई च असल्याने आपला बेंड (तार ओढून चढवलेला स्वर) सुरात लागला की कमी पडला, हे तिथल्या तिथे कानाला कळते. स्केल वरखाली वाजवून ही तपासणी कधीच होत नाही.

मोकळी तार : मी पूर्णपणे असहमत आहे. पाठ केलेल्या लिक्स जोडून केलेला सोलो म्हणजे ठिगळांची गोधडी. ऐकणाऱ्याला प्रत्येक टाका जाणवतो. तुमचीच लिक घ्या. ती ए वर संपते. ए मधल्या बारा बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) ब्लूजमध्ये तो स्वर ए सेव्हन या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर आणि डी सेव्हनचा पंचम असल्याने दोन्हीकडे चपखल बसतो. पण नवव्या बारला ई सेव्हन आला, की तोच ए त्या कॉर्डमधल्या जी शार्पला अर्ध्या स्वराने खेटतो. बोटांनी पाठांतर केलेल्याला हे ऐकूच येत नाही, कारण त्याचे लक्ष पुढची लिक आठवण्यात गुंतलेले असते.

स्वरवेडा : हा दोष लिकचा नाही, ती अर्धवट शिकण्याचा आहे. नवव्या बारला पहिल्या तारेवर पाचव्याऐवजी सातवा फ्रेट दाबा, बी मिळेल. तो पेंटॅटॉनिकबाहेरचा आहे, पण ई सेव्हनचा पंचम आहे. बदल एका स्वराचा, आणि तो सुचण्यासाठी मूळ वाक्य हातात असावेच लागते.

जुना पिक : उसनवारीचा एवढा तिटकारा कशाला? रॉक अँड रोल गिटारवादक चक बेरी यांच्या 1958 सालच्या ‘जॉनी बी. गुड’ या गाण्याची ती गाजलेली सुरुवात, गायक लुई जॉर्डन यांच्या 1946 सालच्या एका ध्वनिमुद्रिकेत गिटारवादक कार्ल होगन यांनी जे वाजवले होते, त्यावरून जवळजवळ सुरासूर घेतलेली आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या सोलोंचा थॉमस ओवेन्स यांनी 1974 च्या प्रबंधात अभ्यास केला, तेव्हा त्यांना पुन्हापुन्हा येणारी सुमारे शंभर स्वरवाक्ये सापडली. तरीही पार्कर यांना कोणी गोधडी शिवणारा म्हणत नाही.

मोकळी तार : पार्कर ती वाक्ये वेगवेगळ्या कॉर्डवर, वेगवेगळ्या मात्रेपासून, हवी तिथे तोडून वाजवत. आपल्याकडचा (माझ्यासह, कारण मीही दोन वर्षे हेच केले) नवशिका प्रत्येक लिक बारच्या पहिल्या मात्रेलाच सुरू करतो, कारण त्याने ती तशीच पाठ केलेली असते. सोलो शिळा वाटतो तो बहुधा यामुळे. स्वर कोणते आहेत, हा प्रश्न नंतरचा. म्हणून माझी अट अशी, की लिक आधी तोंडाने गाता यावी आणि त्यानंतरच तिला बोट लावावे. गाताना श्वास घ्यावाच लागतो, तसे बोटांना थांबावे लागत नाही.

स्वरवेडा : गाण्याची अट मान्य. पण गायची तरी कोणती? कोणाची तरी ऐकलेलीच ना!

मोकळी तार : ऐकलेली चालेल, टॅबवरून (तार आणि फ्रेटचे आकडे लिहिलेल्या कागदावरून) उतरवलेली नको. तुमची ती तीन स्वरांची लिक मी आत्ता पहिल्या मात्रेऐवजी चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धापासून सुरू करून पाहिली. बेंड आधीच्या बारमध्ये सुरू होतो आणि ई नेमका पुढच्या बारच्या समेवर येतो. हे मला पाठ करून सुचले नसते, असे मी अजूनही म्हणेन.